होडीच्या खणांची झाकणं, बिजागऱ्या, खटके: घरच्या घरी दुरुस्ती

मरळगळ

होडी फायबरची, १४ फुटी. एरवी मुक्काम उजनीच्या पाणफुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला. पाणी खाली गेल्यामुळे सध्या ट्रॉलीवर चढवून पुण्यात आणली आहे. पाऊस लागायच्या आत पुढची कामं घरीच उरकायची आहेत:

१. नाळेकडच्या (होडीच्या पुढच्या टोकाच्या) खणाचं झाकण. ६० सेंमी x ४५ सेंमी, वजन साधारण ६ किलो, दोन बिजागऱ्या. एका बिजागरीचे तिन्ही स्क्रू नुसते फिरतात, आवळत नाहीत. एक नंबर मोठे स्क्रू घालून झाले, महिन्याभरात तेही सैल.

२. मधल्या खणात (लाइफ जॅकेट, दोऱ्या) पाणी साचतं. कडेचं रबर चपटं झालंय.

३. मागच्या खणात बॅटरी आणि १२ लिटरची पेट्रोलची टाकी. त्याचा प्लॅस्टिकचा खटका तुटलाय.

४. नाळेकडचं झाकण वर टिकत नाही. शॉकर (झाकण वर धरून ठेवणारा गॅसचा दांडा) लावता येईल का?

ड्रिल, ग्राइंडर, पाने आणि पॉप रिव्हेटचं पिस्तूल आहे. रेझिनचं काम कधी केलेलं नाही.

पेठकर

आधी एक करा. सैल झालेला स्क्रू बाहेर काढून त्याच्या आट्यात काय अडकलंय ते बघा. पांढरा कोरडा चुरा असेल तर नुसतं फायबर झिजलंय. काळपट, ओलसर, बोटाने चुरडणारं काही असेल तर आतला प्लाय कुजलाय. मग एक रुपयाचं नाणं घेऊन बिजागरीच्या भोवती ठोकत जा. टणटण वाजतं तिथे माल पक्का, बद्द वाजतं तिथे पोकळ किंवा ओलं. बद्द वाजणाऱ्या भागाभोवती पेन्सिलने रेघ मारून मापं इथे टाका, मग पुढचं बोलू.

खटपट्या

एवढं कशाला राव? भोकात एपॉक्सी पुटी चोंदायची, ओली असतानाच स्क्रू पिळायचा. दहा मिनिटांचं काम.

मरळगळ

@पेठकर, काळपट आहे आणि कुबट वासही येतोय. बद्द आवाज प्रत्येक भोकाभोवती साधारण सव्वा सेंमीपर्यंतच आहे, त्यापुढे टणटण.

रेझिनराव

मग अजून वेळ गेलेली नाही. सगळं झाकण फाडायची गरज नाही.

खटपट्या, तुमची पुटी कोरड्या सिमेंटच्या भिंतीत चालेल. इथे ती लाकडात मुरत नाही, नुसती भोकाच्या आकाराचं बूच होऊन बसते. भोवतीचा ओला प्लाय कुजतच राहतो आणि काही महिन्यांत बुचासकट स्क्रू हातात येतो. मोठा स्क्रू घातल्यावर जे झालं तेच. स्क्रूचा दोष नव्हता, त्याच्याखाली धरायला काही उरलं नव्हतं.

मरळगळ, आता नीट वाचा. झाकणाची रचना अशी असते: वर जेलकोटचा (बाहेरच्या गुळगुळीत रंगीत लेपाचा) अर्धा मिलिमीटर थर, खाली दोनतीन मिमी फायबर, मध्ये १२ मिमीच्या आसपास प्लाय, खाली परत पातळ फायबर. कारखान्यात स्क्रू थेट पिळलेला असतो, भोकाला सील नसतं. पाणी आट्यांवरून आत जातं आणि प्लायच्या थरांतून आडवं पसरतं.

बिजागरी काढून प्रत्येक भोक १० मिमीच्या बिटने मोठं करा, पण खालचं फायबर फोडू नका. ते भांड्याच्या तळासारखं शिल्लक राहिलं पाहिजे. त्यासाठी बिटला हव्या त्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळा. पट्टी पृष्ठभागाला टेकली की थांबायचं. जेलकोट उडू नये म्हणून सुरुवातीला ड्रिल उलटं फिरवा, पांढरा थर खरवडला गेला की सुलटं.

आता एक खिळा काटकोनात वाकवा, वाकवलेला भाग ८ मिमी. डोकं कापून तो ड्रिलमध्ये धरा आणि भोकात घालून कमी वेगाने फिरवा. वरच्या-खालच्या फायबरला धक्का न लागता मधला कुजका प्लाय खरवडून निघतो. काळा भुसा येतोय तोवर चालू ठेवा. पिवळसर, कोरडं लाकूड यायला लागलं की पुरे. व्हॅक्यूमने ओढून घ्या आणि वाळू द्या. या उन्हात दोन दिवस पुरतात, वर हेअर ड्रायर दिवसातून दोनदा. ओल्या लाकडात एपॉक्सी घालणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं.

खालून कुठे आरपार भोक पडलं असेल तर तिथे चिकटपट्टी लावा. मग पातळ लॅमिनेटिंग एपॉक्सी सिरिंजने भोकात सोडा. काही न मिसळता, नुसती. प्लाय ती पिऊन घेतो. दहा मिनिटांनी उरलेली परत सिरिंजमध्ये ओढून घ्या. लगेच दुसरा घाणा, यात एरोसिल (दाट करणारी हलकी सिलिका पूड) मिसळायचं. दाटपणा श्रीखंडाचा: चमचा उलटा केला तरी पडता कामा नये. सिरिंजचं टोक तळाशी टेकवून खालून वर भरत या, नाहीतर हवा अडकते.

माल किती लागेल? खरवडून साधारण २४ मिमी व्यासाची आणि १२ मिमी उंचीची पोकळी होते, म्हणजे साडेपाच मिली. तीन भोकांना १७, वाया जाणारं धरून २५ मिली करा. एका वाटीत ५० मिलीच्या वर कधीच कालवू नका. उंच कपात जास्त एपॉक्सी राहिली की स्वतःच्याच उष्णतेने उकळते, धूर येतो, कप वितळतो. पसरट ताटली वापरा.

आणि घट्ट लवकर व्हावं म्हणून हार्डनर जास्त घालायचा मोह नको. एपॉक्सीत प्रमाण म्हणजे प्रमाण. डब्यावर वजनाचं दिलं असेल तर वजनाने, मापाचं असेल तर मापाने. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं साधं अराल्डाइट घ्या उदाहरणाला: मापाने एकास एक, पण वजनाने १०० ला ८०. दोन्हीत गल्लत केली की चिकट च्युइंगम तयार. पाच मिनिटांत सुकणारी एपॉक्सी इथे नको, पाण्यात ती कमी टिकते.

२४ तासांनी नवीन भोकं. ८ नंबरच्या स्क्रूला (४.२ मिमी) ३.२ चं बिट, १० नंबरला (४.८ मिमी) ३.८ चं. भोकाच्या तोंडाशी काउंटरसिंकने हलकी कड मारा. ती मारली नाही तर स्क्रूचा पहिला आटा जेलकोट वर उचलतो आणि भोकापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा निघतात. स्क्रूला मेणबत्ती घासा, पिळायला सोपं जातं. साबण घासू नका, तो ओल धरतो.

पेठकर

+१. एक पुरवणी. बद्द आवाजाचा भाग मोठा निघाला असता, म्हणजे भोकापासून पाचसहा सेंमीच्या पुढे, तर खिळ्याची युक्ती पुरत नाही. मग झाकण उलटं करून खालचं फायबर चौकोनी कापायचं, कुजका प्लाय काढून नवा बसवायचा आणि वरून मॅट (काचतंतूंची चादर, रेझिनमध्ये भिजवून) मारायची. झाकणाची खालची बाजू कोणाला दिसत नाही, म्हणून नेहमी तिकडूनच.

प्लाय घ्यायचा तर आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या मानकाचा) शिक्का बघून. पण एक गैरसमज दूर करतो: 'मरीन' म्हणजे लाकूड कुजत नाही असं नाही. त्याचा मुख्य गुण म्हणजे त्यातला गोंद उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. कापलेल्या कडांना एपॉक्सीचे दोन हात दिले नाहीत तर मरीन प्लायही त्याच वाटेने जातो.

भोसरीबिट

@पेठकर, मॅट आणि एपॉक्सी एकत्र लिहू नका, नवशिके फसतात. बाजारात मिळणारी साधी तुकड्यांची मॅट (चॉप्ड स्ट्रँड, ३०० किंवा ४५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तितके ग्रॅम) ज्या बाइंडरने धरलेली असते तो पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरिनमध्ये विरघळतो. एपॉक्सीत स्टायरिन नसतं, त्यामुळे मॅट कडक, पांढरट राहते, वळणावर बसत नाही. एपॉक्सी वापरायची तर विणलेलं कापड घ्या. मॅट वापरायची तर पॉलिएस्टर.

पॉलिएस्टरचा हिशोब: मॅटच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीचपट रेझिन. २५ x २० सेंमीचा तुकडा ४५० च्या मॅटमध्ये साडेबावीस ग्रॅम, दोन थर ४५ ग्रॅम, म्हणजे रेझिन ११० ग्रॅम. हार्डनर रेझिनच्या वजनाच्या १ ते २ टक्के. मे महिन्यात दुपारी १ टक्क्यालाही वीस मिनिटांत जेली होते, म्हणून सकाळी सातला काम. डिसेंबरात २ टक्के.

हे ठळक अक्षरात वाचा: कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, आग लागते किंवा स्फोट होतो. कोबाल्ट आधीच मिसळलेलं रेझिन मागा, म्हणजे प्रश्नच मिटला. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, चष्मा लावल्याशिवाय बाटली उघडू नका. आणि फायबर घासताना मास्क, पूर्ण बाह्या.

जुन्या पॉलिएस्टरवर एपॉक्सी छान धरते, उलट नाही. एपॉक्सीवर पॉलिएस्टर किंवा जेलकोट मारलात तर नीट सुकत नाही, सोलून निघतो. तेव्हा क्रम आधी ठरवा.

मरळगळ

हे सगळं मिळतं कुठे? हार्डवेअरवाला 'रेझिन' म्हटल्यावर फेव्हिकॉल दाखवतो.

पेठकर

गणपतीच्या मूर्तींचे फायबरचे साचे किंवा डेकोरेशनचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा. ते रेझिन-मॅट किलोवर आणतात, दुकान तेच सांगतील. स्क्रू, बिजागऱ्या, वायसर बोहरी आळीत. रबर, बीडिंग, बोनेटचे खटके नाना पेठेत, गाड्यांच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे. सिरिंज औषधाच्या दुकानात, १० मिलीची.

हर्णैकर

बिजागऱ्या आणि स्क्रू घेताना 'एसएस' (स्टेनलेस स्टील) एवढ्यावर भागवू नका. बाजारात तीन प्रकार दिसतात: २०२, ३०४ आणि ३१६. २०२ दिसायला तसंच चकचकीत, पण पाण्यावर लवकर तांबेरतं. उजनीच्या गोड्या पाण्यात ३०४ पुरतं. समुद्रात नेणार असाल तर ३१६ घ्या. त्यातल्या २ ते ३ टक्के मॉलिब्डेनममुळे ते खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडण्याला दाद देत नाही.

लोहचुंबकाची परीक्षा इथे उपयोगाची नाही. २०२ ही चुंबकाला धरत नाही, आणि उलट चांगल्या ३०४ चा बोल्टही घडवताना दाबला गेला तर किंचित धरतो. बोल्टच्या डोक्यावरचा शिक्का बघा: ए२ म्हणजे ३०४ च्या गटातलं, ए४ म्हणजे ३१६ च्या.

एसएसचा नट एसएसच्या बोल्टवर कोरडा आणि जोरात फिरवला तर मध्येच जाम होतो. मग पुढेही नाही, मागेही नाही, कापूनच काढावा लागतो. आट्यांना ग्रीसचं बोट लावा आणि हाताच्या पान्याने सावकाश आवळा, इम्पॅक्ट ड्रिलने नाही.

रेझिनराव

बिजागरीबद्दल राहिलंच. शक्य असेल तिथे स्क्रूऐवजी आरपार बोल्ट घाला. झाकण उघडून मागे रेललं की बिजागरीचे स्क्रू उभे उपसले जातात, आणि फायबरमधला स्क्रू आडव्या ओढीला जितका टिकतो तितका उपसण्याला टिकत नाही. एम५ चे बोल्ट, खाली ३ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा). पट्टी बिजागरीच्या पात्यापेक्षा चारी बाजूंनी सेंमीभर मोठी, कोपरे गोल. नुसता छोटा वायसर घातला तर तो फायबरमध्ये रुततो.

दोन बिजागऱ्यांच्या पिना एका रेषेत आहेत का ते आवळण्यापूर्वी तपासा. पिना काढून दोन्हींतून एक लांब सळई सरकवून बघायची. अडकली तर एक बिजागरी तिरकी आहे. तिरकी बिजागरी प्रत्येक उघडझापीला स्क्रू थोडा थोडा ओढते. एकाच बाजूचे तिन्ही सुटले याचं कारण बहुधा हेच.

सळईसाठी वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानातून एसएसची टिग फिलर वायर आणा. १.६, २.४ आणि ३.२ मिमी जाडीत मीटरभराचे तुकडे मिळतात. तीच कापून नवी पिनही होते. एक टोक ठोकून चपटं करा, दुसरं बसवल्यावर वाकवा.

खटपट्या

आणि बोल्टच्या भोकात सिलिकॉन, बरोबर? का त्यालाही बंदी?

भोसरीबिट

बंदीच. सिलिकॉन सुकल्यावर त्याच्यावर काहीच धरत नाही: एपॉक्सी नाही, रंग नाही, दुसरं सिलिकॉनही नाही. पुढच्या दुरुस्तीला तो भाग घासून घासून जीव जातो. त्यातून ज्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सुकताना ॲसिड सोडतं आणि धातूला खातं.

पीयू (पॉलीयुरेथेन) सीलंट घ्या. ते हवेतल्या ओलाव्याने सुकतं, दिवसाला साधारण ३ मिमी. पावसाळ्यात लवकर, मेमध्ये सावकाश. दोन हप्त्यांत आवळायचं: पहिल्या दिवशी हलकं, पात्याखाली मिलिमीटरभर थर राहील इतकंच. दुसऱ्या दिवशी थर रबर झाला की शेवटचे फेरे. तेव्हा बोल्टचं डोकं धरून ठेवायचं आणि फक्त नट फिरवायचा. बोल्ट फिरला तर त्याच्याभोवतीचं सील सुटतं. पहिल्याच दिवशी करकचून आवळलं तर सगळं सीलंट बाहेर येतं आणि आत काही राहत नाही. बाहेर आलेला गोळा बघून माणूस मात्र खूश.

पारदर्शक ॲक्रिलिक किंवा पॉलीकार्बोनेटच्या झाकणाला पीयू लावू नका, बारीक चिरा पडू शकतात. तिथे ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी).

खटपट्या

बरं, हरलो.

काठावरून

मधल्या खणाबद्दल कोणी बोललंच नाही. रबर बदलायच्या आधी त्या खणाच्या तोंडाभोवतीची पन्हळ बघा. होडीच्या खणाचं झाकण बाटलीच्या बुचासारखं नसतं. कडेने थोडं पाणी आत येणार हे धरूनच पन्हळ केलेली असते, ती पाणी कोपऱ्यातल्या भोकातून बाहेर काढते. भोक खवले, वाळकी पानं आणि दोऱ्याच्या गाठींनी तुंबलं की पन्हळ भरते आणि पाणी आतल्या कडेवरून खणात उतरतं. मग लोक रबराला शिव्या देतात.

परीक्षा: झाकण उघडं ठेवून पन्हळीत तांब्याभर पाणी ओता. अर्ध्या मिनिटात गेलं तर ठीक. साचलं तर सायकलच्या ब्रेकची वायर घालून भोक साफ करा. नळी जोडलेली असेल तर तिला मध्ये झोळ पडलाय का बघा. झोळात कायम पाणी राहतं आणि गाळ तिथेच बसतो. भोक १० मिमीपेक्षा लहान असेल तर १२ चं करा, कापलेल्या कडेला एपॉक्सी लावा.

हे झाल्यावरच रबर. स्पंज ईपीडीएमचं (एक कृत्रिम रबर), बंद छिद्रांचं घ्या. ओळखायचं कसं: तुकडा पाण्यात पिळून सोडा, पाणी प्यायला आणि पिळल्यावर निथळला तर उघड्या छिद्रांचा, परत करा. गाडीच्या दाराचं डी आकाराचं बीडिंगही उत्तम. उंची अशी निवडा की झाकण बंद झाल्यावर ते पाव ते एकतृतीयांश दबेल. १० मिमीचं असेल तर ७ पर्यंत. त्याहून जास्त दाबलं तर सहा महिन्यांत परत चपटं, आणि खटक्यावर ताण वेगळाच.

लावताना ओढू नका. ताणून लावलेलं रबर नंतर आखडतं आणि जोडापाशी फट पडते. उलट घेरापेक्षा सेंमीभर जास्त कापून जोड दाबून बसवा. जोड बिजागरीच्या बाजूला, मधोमध. कोपऱ्यात कधीच नाही. जुना गोंद मिनरल टर्पेंटाईनने काढा, मग पृष्ठभाग पुसून पूर्ण कोरडा करा. गोंदाने चिकटवायचं रबर असेल तर दोन्हीकडे काँटॅक्ट ॲडेसिव्ह, बोटाला चिकटेनासं झालं की दाबायचं.

शेवटी खडूची परीक्षा. खणाच्या कडेला शाळेचा रंगीत खडू घासा, झाकण बंद करून खटका लावा, उघडा. रबरावर अखंड रेघ उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथे गळती.

न्यूटन_सदाशिवपेठी

शॉकरचा हिशोब मी देतो, कारण यात लोक डिकीचा शॉकर लावतात आणि झाकणच उखडतात. गाडीच्या डिकीचा एकेक शॉकर ३०० ते ५०० न्यूटनचा असतो. ६ किलोच्या फायबरला तो फार.

झाकण ६ किलो म्हणजे ६० न्यूटन. बिजागरीपासून पुढच्या कडेपर्यंत किती ते तुम्ही लिहिलेलं नाही (माप देताना कोणती बाजू कोणती तेही द्यावं, असो), ६० सेंमी धरतो. वजन मध्यावर, ३० सेंमीवर. झाकण अर्धं उघडलं की ही भुजा पंचविसेक सेंमी होते: ६० x २५ = १५००. शॉकरची भुजा म्हणजे बिजागरीच्या पिनेपासून शॉकरच्या रेषेपर्यंतचं काटकोनातलं अंतर. ते तिथे १० सेंमी ठेवलंत तर १५०० / १० = १५० न्यूटन. दोन बाजूंना दोन, म्हणजे प्रत्येकी ७५. बाजारात ८० चा मिळतो. अर्ध्यापर्यंत हाताने उचला, पुढे तो धरतो. ४५ सेंमीची बाजू असेल तर ६० चे दोन पुरतील.

मॉड्युलर किचनच्या सामानात ६०, ८०, १०० न्यूटनचे सहज मिळतात. साध्या लोखंडाचे असतात, गंजतात, पण स्वस्तात बदलता येतात. झाकण बंद असताना दांडा खाली आणि जाड नळी वर अशी बसवा. आतलं तेल सीलवर राहतं. आणि ब्रॅकेटला स्क्रू नाही, आरपार बोल्ट. वर सांगून झालंय.

हर्णैकर

थांबा, सगळ्यात महत्त्वाचं कोणीच कसं बोललं नाही? मागच्या खणात बॅटरी आणि पेट्रोल एकत्र? मरळगळ, खटका राहू दे, आधी ती बॅटरी हलवा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीनचार पटीने जड, खणाच्या तळाशी साचते. बॅटरीच्या टर्मिनलला ढिल्या वायरची एक ठिणगी पुरते. आणि तुम्ही त्याच खणाला घट्ट खटका लावून तो हवाबंद करायला निघालात. पेट्रोलचा खण कधीच हवाबंद करायचा नाही. सुटी टाकी असेल तर उघड्यावर, फळीखाली, पट्ट्याने बांधून ठेवा. खणातच ठेवायची तर तळाशी आणि वर, दोन्हीकडे हवेला वाट हवी, आणि ती वाट होडीच्या बाहेर निघाली पाहिजे.

बॅटरी मधल्या खणात, झाकणाच्या पेटीत, पट्ट्याने आवळून. चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हलका, वर जातो. म्हणून तिथे झाकणाजवळ वर झरोका. प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज. रबराचंही बघा: ईपीडीएम पेट्रोलने फुगून मऊ पडतं. पेट्रोलचा शिंतोडा उडतो तिथे नायट्राइल रबर.

मरळगळ

बॅटरी आजच काढली. टाकी फळीखाली जाईल. मग मागच्या खणाला खटका साधाच चालेल ना?

पेठकर

साधा आणि रबराचा. जीपच्या बोनेटला असतो तो टी आकाराचा रबरी खटका नाना पेठेत मागा. थरथरीत सुटत नाही, उन्हात पांढऱ्या प्लॅस्टिकसारखा ठिसूळ होत नाही, आणि झाकण थोडं वरखाली झालं तरी ताण धरून ठेवतो. बसवताना रबर ५ ते ८ मिमी ताणल्यावर हुकात बसेल इतकं अंतर ठेवा. हूक लोखंडाचा येतो, तो एसएसच्या पट्टीतून कापून घ्या. भोसरीत लेझर कटिंगवाले एखाददुसरा नगही करून देतात, पण नग हातात नेऊन दाखवा, फोनवर माप सांगू नका.

पवनाकाठ

धागा वाचनखुणांत साठवला. माझी होडी ॲल्युमिनियमची. खणाच्या बिजागरीचे रिव्हेट सुटलेत. तिथे एसएसचे बोल्ट चालतील?

भोसरीबिट

चालतील, पण मध्ये काहीतरी घाला. एसएस आणि ॲल्युमिनियम ओल्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम झिजतं, बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसते. नायलॉनचा वायसर, डोक्याखाली पीयू, आट्यांवर ग्रीस. पितळ किंवा तांबं तर अजिबात नको, ते याहून वाईट खातं.

रिव्हेटच घालायचे तर ४.८ मिमीचे ॲल्युमिनियमचे, भोक ४.९, ते बिट नसेल तर ५ चं. त्याहून मोठं भोक झालं तर रिव्हेट फुगून धरत नाही. लांबी म्हणजे दोन्ही पत्र्यांची जाडी अधिक व्यासाची दीडपट: १.५ अधिक २ असेल तर ३.५ + ७.२, सुमारे ११ मिमी. पाणी रोखायचं असेल तर बंद टोकाचे मागा. साध्या रिव्हेटच्या मधल्या भोकातून पाणी झिरपतं आणि आत राहिलेल्या लोखंडी दांड्याचा तांबेरा पत्र्यावर उतरतो.

मरळगळ

प्रगती. नाळेकडची भोकं भरून बिजागऱ्या बोल्टवर बसवल्या. सळई आधी अडकत होतीच, एक बिजागरी तिरकी होती. न्यूटनराव, बिजागरी ६० सेंमीच्या बाजूला आहे, म्हणजे पुढची कड ४५ वर; ६० चे शॉकर आणले. मधल्या खणाची पन्हळ अर्धी चिखलाने भरलेली निघाली, पाणी आता जातं. १० मिमीचं बीडिंग लावून खडू केला: तिन्ही बाजूंना रेघ हलकी, मध्ये मध्ये तुटक. बिजागरीच्या बाजूला मात्र रबर पार चेपतं आणि झाकण पुढून उचललेलं राहतं. खटका लावायला गुडघा टेकवावा लागतो.

काठावरून

जुनं रबर चपटं होतं, त्याला बिजागरीची उंची जुळत होती. नवं जाड आहे, पण बिजागरीची पिन तिथेच. त्यामुळे मागची कड आधी टेकते आणि झाकण तिच्यावर तरफेसारखं उचललं जातं.

झाकण बंद करून, खटका न लावता, बिजागरीशेजारी झाकण आणि खणाची कड यांतली फट मोजा. ती ७ मिमी हवी. समजा ४ भरली, तर प्रत्येक बिजागरीच्या खणाकडच्या पात्याखाली ३ मिमीची पट्टी घाला. नायलॉन किंवा एचडीपीई (कडक प्लॅस्टिक) चालेल. लाकूड नको, वायसरांची चळतही नको, पातं वाकतं. एचडीपीईला काहीच चिकटत नाही, म्हणून सीलंट पट्टीच्या वर आणि खाली दोन्हीकडे लावा आणि सगळी पकड बोल्टवरच आहे असं धरा. बोल्ट ३ मिमी लांब लागतील. दोन्ही बिजागऱ्यांना सारखीच जाडी, नाहीतर सळई परत अडकेल.

मरळगळ

फट साडेचार भरली, म्हणजे अडीच मिमी हवी. घरात दुधाच्या कॅनचं तुटकं झाकण आहे, एचडीपीईचं, कॅलिपरने २.६. तेच कापतो. बोल्ट १६ चे होते, २० चे आणले की पुरतील ना?

काठावरून

पुरतील. नायलॉकच्या बाहेर दोन आटे दिसले की बस. जास्त निघाले तर कापून घासा, खणात हात घालताना ओरखडतात.